मदत हवी आहे: ओट्यापासून वाचता येईल आणि वर लिहिताही येईल असं देखणं, हाताने केलेलं कॅलेंडर (२०२६)

नमस्कार मंडळी,

निम्मा डिसेंबर सरला तरी आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरचं यंदा ठरत नाहीये, म्हणून हा धागा. कलाकारांनी काढलेली, हाताने छापलेली, हातकागदावरची कॅलेंडरं ज्यांनी वर्षभर भिंतीवर लावून खरोखर वापरली आहेत, त्यांचा अनुभव हवा आहे. विकत घेऊन भेट दिलेल्यांचाही चालेल, पण वापरलेल्यांचा आधी.

घर कसं आहे ते सांगते, म्हणजे अडचण कळेल. आम्ही सदाशिव पेठेत राहतो. बाबांनी चौतीस वर्षं छापखान्यात काढली, त्यातली पहिली बरीचशी खिळे (छपाईची शिशाची अक्षरं) जुळवण्यात. अजूनही छापलेला कागद हातात आला की ते तो लगेच वाचत नाहीत. उलटा करतात आणि मागून अंगठा फिरवून दाब किती बसलाय ते बघतात. आईसाठी कॅलेंडर म्हणजे घराची वही. दूध किती घेतलं, गॅस कधी लावला, मावशींचे खाडे, बाबांच्या गोळ्यांची नवी पट्टी कधी सुरू केली, सगळं त्या चौकटीत. ती संकष्टी करते, त्यामुळे चंद्रोदयाची वेळही तिथेच लागते. २०२६ मध्ये तर वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात, ६ जानेवारीला अंगारकी आहे.

आमच्याकडे कायम कालनिर्णय. ते निघालं १९७३ साली, आईचं लग्न त्यानंतरचं, म्हणजे तिच्या संसारात दुसरं कॅलेंडर शिरलंच नाही. मला त्याबद्दल काही तक्रार नाही. पण दिवसातून पन्नास वेळा जिथे नजर जाते तिथे एक चांगलं चित्र असावं असं मला फार वाटतं. बाबा सांगतात, त्यांच्या लहानपणी दुकानदार वाटायचे त्या कॅलेंडरांवर वर चित्रकार मुळगावकरांचं चित्र आणि खाली तारखांचा गठ्ठा असायचा. वर्ष संपलं की गठ्ठा काढायचा आणि चित्राला काच लावून घ्यायची. बाबांच्या आजोळी देवघरात अशी तीन चित्रं होती म्हणे. हे सगळं आपल्याच गावात घडलेलं आहे. चित्रशाळा छापखाना पुण्यात १८७८ साली सुरू झाला आणि छापील चित्रं साध्या घरांच्या भिंतीवर आली. रविवर्म्यांचा छापखाना पुढे इथून जवळच, मळवलीला होता. मग आपल्याच स्वयंपाकघरात चांगलं चित्र का नसावं?

म्हणून गेल्या वर्षी मी हौसेने एका प्रदर्शनातून कॅलेंडर आणलं. जाडजूड हातकागद, त्यात फुलांच्या पाकळ्या, दर महिन्याला सह्याद्रीतलं एक रानफूल. सोनकीचं पान तर इतकं सुंदर होतं की मी ते अजून जपून ठेवलं आहे. पण तारखा बारीक, फिक्या करड्या, त्यातून खालच्या कागदावर पाकळ्यांचे ठिपके. आईला ओट्यापासून काही दिसेना. तिथी नाहीत. जेल पेनने 'गॅस' लिहिलं तर शाई अशी पसरली की त्या चौकटीत निळा डाग तेवढा उरला. जुलैत दमट हवेने पान खालून वर वळलं. आणि ऑगस्टमध्ये ३१ तारीखच नव्हती! २०२५ चा ऑगस्ट शुक्रवारी सुरू झाला, त्यामुळे ३१ तारखेचा रविवार सहाव्या ओळीत गेला. कलाकाराने ओळी पाचच आखल्या होत्या. त्या दिवशी आमच्याकडे गौरींचं आवाहन होतं. आई काही बोलली नाही. संध्याकाळी मी बघितलं तर त्याच खिळ्यावर, माझ्या कॅलेंडरच्या वरून, कालनिर्णय टांगलेलं होतं.

मला ते फार लागलं. आईचा राग नाही आला. त्या चित्रांचं वाईट वाटलं. कोणीतरी इतक्या मायेने काढलेली ती बारा चित्रं, आणि चार महिने झाकलेली राहिली.

त्यामुळे या वर्षी बाबांना बरोबर घेऊन शोधते आहे आणि बरंच शिकले आहे. ज्यांना 'हँडमेड' या शब्दाची भुरळ पडते त्यांच्यासाठी लिहून ठेवते. या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या वस्तू विकतात. एक, चित्र हाताने काढलेलं पण छपाई साधी ऑफसेट किंवा डिजिटल. दोन, छपाईच हाताची, म्हणजे लिनोवर (लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर) कोरून किंवा स्क्रीनवरून, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई दाबून. तीन, कागद हातकागद, त्यावर काहीही. बाबा खिशात भिंग ठेवतात. ऑफसेटचं चित्र भिंगाखाली बघितलं की चार रंगांचे ठिपके दिसतात. लिनो किंवा स्क्रीनचा रंग सलग असतो, स्क्रीनचा थर तर बोटाला जाणवतोसुद्धा. पहिला प्रकार वाईट असं मुळीच नाही, फक्त किंमत तिसऱ्याची आणि वस्तू पहिली असं होऊ नये.

हातकागदाचंही तसंच. मला वाटायचं हातकागद म्हटलं की शाई पसरणारच. तसं नाही. होजिअरीच्या सुती कातरणांचा लगदा करून चाळणीवर कागद उचलतात, दाबतात, वाळवतात. त्याला खळ (शाई आत झिरपू नये म्हणून देतात ती) नीट दिलेली असेल तर त्यावर पेन छान चालतं. शिवाजीनगरला आपली हातकागद संस्था १९४० पासून आहे आणि कसब्यातल्या कागदीपुऱ्याचं तर नावच त्या धंद्यावरून पडलं. थोडक्यात, शाई पसरली तर दोष हातकागदाचा नाही, खळीचा. विकत घेण्याआधी मागच्या कोपऱ्यात पेन टेकवून बघू द्या, असं मी आता सरळ विचारते. दोघांनी नाही म्हटलं, एकीने आनंदाने कोरं कातरण काढून दिलं.

आत्ता तीन कॅलेंडरं डोळ्यासमोर आहेत.

पहिलं लिनो छपाईचं, बारा पक्षी, पोस्टकार्डाएवढी सुटी पानं आणि लाकडी ठोकळा. खंड्याच्या पानावर कोरणीच्या रेघा इतक्या जिवंत आहेत की बाबांनी ते पाच मिनिटं हातातून सोडलं नाही. पण लिहायला जागा अजिबात नाही. ते टेबलावरचं, स्वयंपाकघरातलं नव्हे.

दुसरं रिसो छपाईचं (स्टेन्सिलमधून एकेक रंग चढवणारं यंत्र), दोन रंगांत पेठांमधले वाडे, दिंडी दरवाजे, अंगणातली तुळशीवृंदावनं. आकार चांगला, आकडे ठसठशीत. पण रिसोची शाई पूर्ण वाळत नाही, घासली की बोटाला येते. फोडणीचे हात लागणाऱ्या जागी ती वर्षभर टिकते का? कोणी लावलं आहे का असं?

तिसरं एकाच कापडावर अख्खं वर्ष, स्क्रीनप्रिंट. सुंदर आहे, पण त्यावर लिहिणार कसं!

बजेट एका कॅलेंडरला हजार-बाराशेपर्यंत. घरी एक हवं, शिवाय आत्या आणि मोठ्या मामींसाठी प्रत्येकी एक. ज्यात तिथी आणि चंद्रोदय आहे, दोन मीटरवरून तारीख वाचता येते, चौकटीत दोन शब्द बसतात आणि चित्र कोणा खऱ्या चित्रकाराचं आहे, असं कॅलेंडर पुण्यात कुठे पाहिलंय का? भीमथडी जत्रेला जाणारच आहे, तिथे या प्रकारचं काही मिळतं का?

प्रतिसाद वाचून भर घालते आहे:

सर्वांचे मनापासून आभार. दोघातिघांनी सुचवलं की चित्र वेगळं लावा आणि कॅलेंडर वेगळं. ते करून झालंय. वेगळं लावलेलं चित्र आठवडाभर दिसतं, मग भिंतीत मुरून जातं. तारीख बघायला मान वर केली की चित्र दिसावं, यातच सगळी मजा आहे, आणि दर महिन्याला ते बदलतं.

एकीने लिहिलं की मग करूनच घ्या. हा प्रतिसाद मी बाबांना वाचून दाखवला. ते काही न बोलता उठले आणि पट्टी-पेन्सिल घेऊन बसले. रात्री अकरा वाजता ए-थ्री कागदावर त्यांची डमी तयार होती. वर चित्राला जागा, खाली चौकट. आणि वार डावीकडे उभे, रविवार वर, आईला सवय आहे तसे. याचा फायदा मला तोवर कळलाच नव्हता. वार आडवे घेतले तर सात रकाने होतात आणि चौकट जेमतेम चार सेंटिमीटर रुंद राहते. वार उभे घेतले की रकाने पाचच, चौकट साडेपाच सेंटिमीटरची. 'मावशी नाही' हे एका ओळीत बसतं. सहावा रकाना लागला तर त्या तारखा पहिल्या रकान्याच्या रिकाम्या चौकटींत जातात. २०२६ मध्ये मे आणि ऑगस्ट हे दोनच महिने तसे आहेत. मेची ३१ एका चौकटीत, ऑगस्टच्या ३० आणि ३१ दोन चौकटींत.

रंगाबद्दल ते म्हणाले, "रविवार लाल हवाच ना? मग लाल तसाही चढवायचाच आहे. चित्रसुद्धा काळ्या-लालात बसव, तिसऱ्या रंगाचा खर्च वाचेल." माझी एक मैत्रीण लिनो कोरते, ती बारा चित्रांना हो म्हणाली आहे. विषय बाजारहाट: जानेवारीत हुरडा, मेमध्ये हापूस, आणि २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्यामुळे १७ मे ते १५ जूनच्या मध्ये कुठेतरी अनारशांची जाळी. तारखा मात्र एका छापखान्यात छापून घेणार, लिनोत बारीक आकडे कोरणं अवघड.

आईने आज चार कागदांच्या तुकड्यांवर तीन पेनांनी 'दूध २' लिहून ते फ्रीजवर लावले आहेत. आत्तापर्यंत बिनपाकळ्यांचा, पांढरा सुती हातकागद पुढे आहे. जाड आहे, त्यामुळे स्प्रिंगमध्ये नीट उलटत नाही. बाबा वर पत्र्याची पट्टी लावायची म्हणतात. पण जाड कागदावर ती बारा पानं धरेल का, की वर लाकडी पट्टी आणि दोन स्क्रू घ्यावेत? कोणी केलं असेल तर लिहा.

आणि एक शेवटची विनंती. तिथी आणि चंद्रोदयाच्या वेळा मी पुण्याच्या हिशेबाने लिहून काढते आहे, बाबा प्रूफ तपासणार आहेत. पण त्यांचे डोळे आता थकतात. मे आणि ऑगस्टची पानं उद्या रात्री इथे टाकते. एकेक तारीख वारासकट कोणी तपासून द्याल का?