गुन्ह्यांच्या तपासावरची पुस्तकं: वाचताना तुमचं काय होतं?

भटकभवानी
माळा आवरताना आईने जपून ठेवलेली पुण्यातल्या जोशी-अभ्यंकर खून खटल्याची कात्रणं हाती लागली, आणि या प्रकरणावर मागे वाचलेलं एक पुस्तक आठवलं. आवडलं का, हे मला अजून धड सांगता येत नाही. तपासाचा भाग एका बैठकीत संपवला. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७, दहा खून, करणारी कला महाविद्यालयातली पोरं. वर आणीबाणी, वर्तमानपत्रांना सेन्सॉर, त्यामुळे अफवांना ऊत. पोलिसी कुत्र्यांना माग लागू नये म्हणून घरात अत्तर शिंपडून जायचे, ते वाचताना काटा आला. पुढे त्यांच्यातलाच एक माफीचा साक्षीदार झाला, तिथून गाठी कशा सुटत गेल्या तेही झकास लिहिलंय.

पण त्या पोरांचा म्होरक्या जक्कल काय खायचा, कसा बोलायचा, यावर पानंच्या पानं. अभ्यंकरांच्या घरात पाच माणसं गेली. त्यातले काशिनाथशास्त्री म्हणजे संस्कृत व्याकरणाचा कोश करणारा विद्वान माणूस, वय ८८. त्यांना चार ओळी! घरात कामाला असलेल्या बाई तर नुसत्या यादीत येऊन जातात. तेव्हापासून असं पुस्तक हातात घेतलं की आधी तेच बघते. तुमचे अनुभव लिहा.

अर्धाकप
पुस्तक नाही वाचलं, आम्ही ते जगलोय. सहाच्या आत घरात. दाराला साखळी तेव्हाच बसली, ती अजून आहे. मामा साताऱ्याहून रात्री उशिरा आला, तर बाबांनी दार न उघडता आजोळच्या म्हशीचं नाव विचारलं. मामा नेमका विसरला.

टिंबटिंब
मग? रात्रभर बाहेर??

अर्धाकप
आईने आवाज ओळखला. म्हैस चंद्री. मामा त्यानंतर वर्षभर बाबांशी बोलला नाही.

पोळ्याझाल्या
भवानी, अगदी अगदी. मुंबईतल्या त्या खुनी रमन राघवबद्दल वाचताना माझंही हेच झालं. १९६८ साली पकडला, कोंबडीचं जेवण मागितलं आणि मग बोलायला लागला, हा किस्सा सगळ्यांना पाठ. पण मेले ते बहुतेक फुटपाथवर, झोपडीत झोपणारे. त्यांची नावं कुणाला येतात? आणि फाशी झाली असती तर गोष्ट सरळ संपली असती, तशी ती संपत नाही. माणूस मनोरुग्ण, शिक्षा १९८७ मध्ये जन्मठेपेवर आली. मी वाचलेल्या पुस्तकात हे शेवटच्या पानावर उरकलंय, कारण तोवर तपास अधिकाऱ्याचा सत्कार होऊन गेलेला. त्यांनी काम मोठंच केलं, वाद नाही. पण स्वतःच्या तपासाबद्दल स्वतः लिहिलं की सगळे अंदाज बरोबरच ठरतात बुवा. भाजी लागतेय, येते नंतर.

नाठाळ
माझं उलट मत. मला मारेकऱ्यांबद्दलच वाचायचं असतं. शेजारच्या गल्लीतली वाटावीत अशी चार पोरं, पैशासाठी सुरू करतात आणि मग थांबतच नाहीत. ते कसं झालं हे कळलं नाही तर पुस्तक घेऊ कशाला? मेलेल्यांबद्दल हळहळ वाटतेच, त्यासाठी पानं नकोत.

भटकभवानी
नाठाळ, कसं झालं ते तरी कुठे कळतं? दारू, पैसा, वाईट संगत. एवढं तर आमच्या आजीनेही सांगितलं असतं.

नाठाळ
आजीला लिहायला बसवायला हवं होतं 😄

परभणीकरीण
आमच्या परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या खुनांचं कुणी काढलं नाही अजून? गुप्तधनासाठी नरबळी, १९७२ पासूनची गोष्ट. सासर तिकडचं. लग्नानंतर नव्या ओळखीत गाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. मी वाचलेल्या पुस्तकात पिंपळ, अमावस्या, मांत्रिक असं रंगवून रंगवून लिहिलंय, जणू गावात दुसरं काही नव्हतंच. गावातले लोक तेव्हा मुलीबाळींना शेतात एकटं पाठवत नव्हते, ती भीती दोन परिच्छेदांत. जादूटोणाविरोधी कायदा यायला २०१३ उजाडलं, त्याबद्दल तर अवाक्षर नाही.

टिंबटिंब
मी असली पुस्तकं फक्त दिवसा वाचते. एकदा रात्री वाचत होते आणि नवऱ्याने मागून येऊन चार्जर मागितला. चार्जर फुटला.

पोळ्याझाल्या
आले. भाजी करपली. भवानी, ते जोशी-अभ्यंकरवालं पुस्तक तुझ्याकडे आहे का? लायब्ररीत कायम बाहेर गेलेलं असतं.

भटकभवानी
नणंदेने नेलंय. तिच्याकडून पुस्तक परत आणणं हा वेगळा तपास आहे.