कोलोनोस्कोपीचा दर्जा मोजायलाच हवा

डॉक्टर अनुभवी असले की कोलोनोस्कोपीचा, म्हणजे दुर्बिणीने मोठे आतडे आतून तपासण्याचा, दर्जा वेगळा मोजण्याची गरज नाही, हे मत मला पटत नाही. उत्तर कॅलिफोर्नियातील १३६ पोटविकारतज्ज्ञांच्या तीन लाखांहून अधिक तपासण्यांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यातील प्रत्येकाने किमान ३०० तपासण्या केल्या होत्या, तरीही अडेनोमा, म्हणजे पुढे कर्करोगात बदलू शकणारी गाठ, सापडण्याचे प्रमाण कोणाचे ७.४ टक्के, तर कोणाचे ५२.५ टक्के होते. आणि हे प्रमाण एका टक्क्याने वाढले की तपासणीनंतर कर्करोग उद्भवण्याचा धोका सुमारे ३ टक्क्यांनी कमी आढळला. इतकी तफावत रुग्णाला कधीच कळत नाही, याची मला खरोखर काळजी वाटते.

दुर्बीण बाहेर काढताना आतड्याच्या प्रत्येक घडीमागे पाहणे, साचलेला मळ धुऊन पुन्हा पाहणे, यातच खरे काम असते. त्यासाठी किमान सहा मिनिटे द्यावीत, असा संकेत अनेक वर्षे होता; अमेरिकेतील २०२४ च्या शिफारशींत तो आठ मिनिटांवर गेला.

ब्रिटनमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठे आतडे जिथे सुरू होते त्या टोकापर्यंत, पोचण्याचे प्रमाण जेमतेम ५७ टक्के होते. प्रशिक्षण सुधारल्यावर आणि केंद्रांचे नियमित ऑडिट सुरू झाल्यावर, २०११ च्या पाहणीत ते ९२ टक्क्यांवर गेले.