रोव्हर सेंटिमीटरमध्ये बोलतो, पण हद्द कोणत्या कागदावरून ठरते?

बांधावरचा
परवा एकानं लिहिलं होतं, "आता रोव्हरनं, म्हणजे उपग्रहावरून जागा सांगणाऱ्या यंत्रानं, मोजणी होते, चूक फार तर दोन-चार सेंटिमीटरची. बांधाचे वाद संपले. ज्यांना अजून भांडायचंय त्यांना भावकीची जमीन खायचीय." शेवटचं वाक्य डोक्यात गेलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमच्या गटाची हद्द कायम मोजणी तीनदा झाली. आधी प्लेन टेबलवर, म्हणजे शेतात फळी मांडून त्यावर नकाशा काढत, मग ईटीएस या इलेक्ट्रॉनिक मशीननं, मग रोव्हरनं. पहिल्या वेळी बांधावरची बाभळ आमच्यात आली, दुसऱ्या वेळी चुलत्यांच्यात गेली, तिसऱ्या वेळी हद्द बुंध्यातनंच निघाली. बाभळ जागची हलली नाही. मशीन चुकतं असं माझं म्हणणं नाही. रोव्हर जिथं उभा आहे ती जागा तो अचूक सांगतो. पण हद्द तिथंच आहे हे कागद सांगतो. आणि गावनकाशा कसला? एक इंचाला 20 साखळ्या, साखळी 33 फुटांची, म्हणजे 1:7920. त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ शेतात 13 फूट रुंद होते. त्या 13 फुटांत सेंटिमीटर शोधायचे?

निमतानदार
बाकीचं मान्य, पण नकाशाचं साफ चूक. 30 वर्षं मोजणीतच गेली माझी. हद्द गावनकाशावरून काढायचीच नसते, टिपणावरून, म्हणजे मूळ मोजणीत शेतात लिहिलेल्या मापांच्या कागदावरून काढायची असते. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी 1830 च्या दशकात इंदापुरापासून सर्व्हेची घडी बसवली. साखळी टाकायची, शंकूनं काटकोन साधायचा, लंब मोजायचे आणि ते साखळी-आण्यांत लिहायचे. साखळीचे 16 आणे, एक आणा म्हणजे दोन फुटांहून किंचित जास्त. टिपणात आकडे असतात. रेघेच्या जाडीचा तिथं संबंध नाही. तुमच्या तीनपैकी किती मोजण्या टिपणावरून झाल्या ते आधी सांगा.

बांधावरचा
एकही नाही! नक्कल मागितली तर "अभिलेख जीर्ण" असं लिहून मिळालं. त्यात एकत्रीकरण. 1947 च्या कायद्यानं सर्व्हे नंबरांचे गट केले, आमच्या गावात ती जुळवणी कागदावर झाली. क्षेत्राची बेरीज सातबाऱ्यावर जुळते, शेतात जुळत नाही. वहिवाट एकाची, गट दुसऱ्याचा. आणि तुमच्याच खात्यातली माणसं उन्हात अर्धा तास थांबून "क प्रत (मोजणीचा नकाशा) घरी येईल" म्हणून निघून जातात.

निमतानदार
खात्यावर घसरू नका. एका मोजणीदारामागे किती प्रकरणं असतात ते तुम्ही बघितलेलं नाही. लगतचे कब्जेदार नोटीस घेऊनही येत नाहीत, आलेच तर काठ्या घेऊन येतात. माझं डोकं फुटलंय अशाच एका बांधावर.

काळी माती
तुम्ही दोघं फूटभर बांधावर भांडताय. आमची अख्खी पाणंद गेली त्याचं काय? गावनकाशावर दुहेरी तुटक रेषा आहे. म्हणजे गाडीमार्ग, किमान साडेसोळा फूट. आज तिथून सायकल जात नाही, दोन्हीकडून नांगरत आणलंय. वडील गेले त्या वर्षी उसाला तोडणी मिळाली, पण ट्रक शेतापर्यंत येईना. आई आणि मी मोळ्या डोक्यावर घेऊन ओढ्यापर्यंत नेल्या. ओढ्यात पाणी होतं.

गट शेवटचा
ताई, वाईट वाटलं. पण रस्ता मागणारे नेहमी दुसऱ्याच्या रानातून मागतात. माझं रान पाऊण एकर. जमीन महसूल कायद्याच्या कलम 143 खाली बांधावरून रस्ता दिला, माझी ज्वारीची चार तासं (ओळी) त्यात गेली. भरपाई शून्य.

काळी माती
दादा, 143 म्हणजे नवा रस्ता. मी नवा मागतच नाही. होता तो अडवलाय, त्याला 1906 चा मामलेदार कोर्ट कायदा, कलम 5. अर्ज केलाय, तारखा चालू आहेत. हिशेब करा, 660 फूट लांब, साडेसोळा फूट रुंद, म्हणजे बरोबर 10 गुंठे. हे 10 गुंठे रस्त्याचे, तरी त्यात सोयाबीन उभं आहे.

गट शेवटचा
सगळ्यांना एकाच मापात मोजू नका. पाणंद खाणारा वेगळा आणि ज्याच्या हातात पाऊण एकरच आहे तो वेगळा. माझ्या रानातून जाणारा ट्रॅक्टर दर वर्षी वीतभर जास्त आत येतो, ते कोण मोजणार?

काळी माती
तेवढं बरोबर आहे. रस्त्याची रुंदी कुणी खुणा घालून ठरवलीच नाही तर ट्रॅक्टर आत येणारच. पण म्हणून रस्ताच नको असं म्हणू नका.

मोजणी समर्थक
ज्या पोस्टवरून हा धागा निघाला ती माझीच. भावकीवरचं वाक्य लिहायला नको होतं, मागे घेतो. बाकी म्हणण्यावर ठाम आहे. रोव्हरच्या खुणेला अक्षांश-रेखांश असतात. उद्या दगड उपटला तरी ती जागा पुन्हा सापडते, साखळीच्या काळात दगड गेला की सगळं गेलं. ताईंच्या पाणंदीच्या दोन्ही कडा एकदा अशा पक्क्या झाल्या तर पुढच्या वर्षी कोण किती आत आला ते मिनिटात कळेल.

बांधावरचा
हे पटलं. पण चुकीची हद्द अशी पक्की झाली तर ती चूकही तितकीच पक्की होईल, याचीच मला भीती आहे. 660 फुटांचा बांध फूटभर सरकला की अर्ध्या गुंठ्यावर जमीन जाते. 12 वर्षांची वहिवाट असेल तर सरकारच्या सलोखा योजनेत हजार रुपये मुद्रांक आणि हजार नोंदणी भरून अदलाबदल करता येते, म्हणून तोही रस्ता बघितला. चुलते सहीला तयार नाहीत.

निमतानदार
निमताना मोजणीला, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून होणाऱ्या फेरमोजणीला अर्ज करा. त्याआधी मूळ टिपण आणि फाळणी (वाटणीचा) नकाशा दोन्हींची नक्कल लेखी मागा. "जीर्ण" असा शेरा आला तर मूळ अभिलेख समोर बसून बघू द्या असं लिहा. मोजणीच्या दिवशी पहिला प्रश्न एकच विचारायचा, कोणत्या कागदावरचे आकडे लावताय? मी खात्याची बाजू घेतली खरी, पण टिपण न उघडता खुणा घातल्या असतील तर ती मोजणी मी मोजणी मानत नाही.

काळी माती
आणि पाणंदीच्या दोन तुटक रेषांमधलं अंतर? त्याचे आकडे आहेत का कुठल्या टिपणात? असतील तर सांगा, पुढच्या तारखेला घेऊन जाते.