‘औष्णिक समतोल’, ‘स्थिरावणे’ आणि ‘निवणे’

विचारणा : मापनकक्षासाठी मराठीत कार्यसूचना लिहीत आहे. ‘पोलादी जॉब २० अंश सेल्सियसच्या कक्षात आणल्यावर औष्णिक समतोल येईपर्यंत मोजू नये’, असे वाक्य मी योजले होते (जॉब म्हणजे घडवलेला, मोजायचा भाग). सहकारी मात्र ‘तापमान स्थिरावेपर्यंत’ असे लिहा म्हणतात. दोन्हींचा अर्थ एकच आहे का, आणि त्यासाठी लागणारा वेळ कसा नमूद करावा?

प्रतिसाद : अर्थ एकच नाही. एका टोकाशी तापवलेल्या आणि दुसऱ्या टोकाशी थंड ठेवलेल्या सळईचे तापमान काही काळाने प्रत्येक ठिकाणी स्थिरावते, तरीही तिच्यातून उष्णता वाहतच असते. ती स्थिर अवस्था होय, समतोल नव्हे. समतोलात जॉब, हवा आणि मापनयंत्र यांच्या तापमानांत फरकच उरत नाही. मापनकक्षात हाच अर्थ हवा, कारण १०० मिलिमीटर लांबीचे पोलाद दर अंशामागे सुमारे १.१५ मायक्रॉन वाढते आणि ३५ अंशांवर मोजलेला जॉब सुमारे १७ मायक्रॉन मोठा भरतो.

वेळेविषयी लिहिताना ‘समतोल येण्यास लागणारा काळ’ हा शब्दप्रयोग काटेकोरपणे पाहता अपुरा आहे. तापमानातील फरक घातांकी रीतीने, म्हणजे आधी झपाट्याने आणि मग अधिकाधिक सावकाश, घटत जातो, त्यामुळे तो शून्य होण्याचा क्षण सांगता येत नाही. किती फरक चालेल हे आधी ठरवावे लागते. ५० मिलिमीटर बाजूचा पोलादी घन संथ हवेत सर्व बाजूंनी मोकळा ठेवला आणि पृष्ठभागावरून चौरस मीटरला दर अंशामागे १० वॅट उष्णता जाते असे धरले, तर घनता, विशिष्ट उष्मा आणि घनफळ यांच्या गुणाकाराला त्या १० ने व क्षेत्रफळाने भागून कालस्थिरांक सुमारे ५२ मिनिटे येतो. तेवढ्या वेळात फरक मूळच्या ३७ टक्क्यांवर येतो. १५ अंशांचा फरक अर्ध्या अंशावर यायला असे ३.४ कालस्थिरांक, म्हणजे जवळजवळ तीन तास लागतात. धातूच्या आत उष्णता पृष्ठभागाच्या मानाने फार लवकर पसरते, म्हणून गाभा आणि पृष्ठभाग यांचा वेगळा हिशेब येथे करावा लागत नाही. हाच घन ओतीव लोखंडाच्या सरफेस प्लेटवर (मोजमापासाठीच्या सपाट, जाड पाटावर) टेकवून ठेवल्यास वेळ बराच कमी होतो.

दुसरा प्रतिसाद : वरील भेद मान्य आहे, पण कामगारांसाठी ‘निवणे’ हे क्रियापद सुचवावेसे वाटते. दूध गार होते तेव्हा ते कितीही थंड होऊ शकते, मात्र निवते तेव्हा ते भोवतालच्या तापमानाकडे येते. उणीव इतकीच, की थंड गोदामातून आणलेला जॉब ‘निवला’ असे म्हणता येणार नाही.

विचारणा करणारे : आमच्याकडे या थांबण्याला ‘सोकिंग’ म्हणतात. तेच ठेवावे का?

पहिला प्रतिसाद देणारे : त्याच कारखान्यात हीट ट्रीटमेंट (धातू तापवून त्याचे गुणधर्म बदलण्याचा) विभाग असल्यास ठेवू नये. भट्टीतील सोकिंगमध्ये गाभा तापमानाला पोहोचल्यानंतरही धातूच्या अंतर्रचनेत बदल पूर्ण व्हावेत म्हणून जॉब धरून ठेवतात, आणि दर इंच जाडीला एक तास हा ढोबळ ठोकताळा तिथला आहे. तो मापनकक्षात लावला तर वरचा घन दोन तासांतच मोजला जाईल. सूचनेत ‘जॉब आणि सरफेस प्लेट यांच्या तापमानांतील फरक अर्ध्या अंशाहून कमी होईपर्यंत थांबावे’, असे लिहावे.