‘थोडी झळ सोसा’ म्हणणाऱ्यांना

भोसरीकर फिटर
काल इथे एकाने लिहिलं, “रेल्वेची ज्येष्ठांची सवलत गेली ते बरंच झालं. तिजोरीवर ताण असताना सगळ्यांनीच थोडी झळ सोसावी.” रात्रभर ते डोक्यातून जाईना. मार्च २०२० मध्ये करोना आला म्हणून सवलत थांबवली. साठीपुढच्या पुरुषांना ४० टक्के होती, ५८ पुढच्या बायकांना ५०. करोना गेला, गाड्या पुन्हा तुडुंब भरल्या, सवलत परत आली नाही. मी ३३ वर्षं कारखान्यात घासली. ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफवाल्या कामगारांच्या योजनेची, पेन्शन अडीच हजारांच्या आसपास येते. किमान पेन्शन तर २०१४ पासून १,००० वरच अडकलीय. लेक नागपूरला असते. आधी आम्ही दोघं वर्षातून दोनदा जायचो. आता एकदाच, तेही ही एकटीच जाते. ही थोडी झळ?

सदाशिवपेठी
मीच लिहिलं होतं, आणि मागे घेणार नाही. प्रत्येक प्रवाशामागे खर्चाचा सरासरी ४६ टक्के भार रेल्वे उचलते, हे रेल्वेमंत्र्यांनी सांगितलंय. दिव्यांग, रुग्ण, विद्यार्थी यांच्या सवलती चालूच आहेत. मी केंद्राचा पेन्शनर. जानेवारी २०२० ते जून २०२१ आमचा महागाई भत्ता गोठवला, १८ महिन्यांचे पैसे आजवर मिळाले नाहीत. मी कुठे रडलो?

धायरीची रहिवासी
काका, तुमची मूळ पेन्शन तर चालू होती ना? आणि रेल्वेचं राहू द्या, रोजच्या बसचं बोला. १ जून २०२५ पासून पीएमपीचा, म्हणजे पुण्याच्या शहर बसचा, महिन्याचा पास ९०० चा १,५०० झाला, दिवसाचा ४० चा ७०. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींनी कोथरूडची दोन घरं सोडली. पासातच एका घराचा पगार जायला लागला.

कात्रजचा प्रवासी
अकरा वर्षांनी भाडं वाढलं, हेही लिहा. पीएमपीचा तोटा ६० टक्के पुणे मनपा भरते, ४० टक्के पिंपरी-चिंचवड. तो पैसा आपल्याच मिळकतकराचा.

धायरीची रहिवासी
अकरा वर्षं थांबायचं आणि मग एका रात्रीत सहाशे वाढवायचे? दरवर्षी पन्नास वाढवले असते तर कुणाचं काम सुटलं नसतं. मेट्रोच्या दोन मार्गांना अकरा हजार कोटींच्या वर मिळाले. बसचं नाव काढलं की तोटा आठवतो.

कात्रजचा प्रवासी
मेट्रो मध्ये आणू नका. स्वारगेटला अर्धा अर्धा तास ताटकळलोय मी. भाडं वाढलं तरी चालेल, पण गाडी वेळेवर हवी.

सदाशिवपेठी
मावशींना लाडकी बहीणचे दीड हजार मिळतच असतील की.

धायरीची रहिवासी
मिळतात. ते मुलीच्या क्लासला जातात. ते बसमध्ये घालावेत हे ठरवणारे तुम्ही कोण? तुमच्या भत्त्याचा हिशोब आम्ही मागितला का?

सदाशिवपेठी
आवाज चढवू नका. पासात एकदम सहाशेची वाढ अति झाली, एवढं मान्य. मावशींचं मला माहीत नव्हतं. रेल्वेचं मात्र मान्य नाही. एसीने फिरणाऱ्या ज्येष्ठाला सवलत कशाला?

भोसरीकर फिटर
एसी मागतंय कोण? निदान स्लीपर आणि थर्ड एसीसाठी विचार करा, असं संसदेच्या स्थायी समितीनेही सुचवलं होतं. मला स्लीपरपुरती दिली तरी पुरे. तुमचा त्यालाही विरोध आहे का, तेवढं सांगा.

सदाशिवपेठी
स्लीपरपुरती असेल तर विरोध नाही. पण मागणीही करणार नाही.

भोसरीकर फिटर
ठीक. मागणी आम्ही करू. यंदा दिवाळीला नागपूरचं तिकीट एकच काढलंय, हिचं.