सुरगाणा-पेठमधल्या ६ वर्षांखालच्या मुलांसाठी श्रवणयंत्र प्रकल्प: एका वर्षाच्या निधीनंतर काय?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. सातपूरच्या एका कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक कामाच्या निधीतून) नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतल्या कर्णबधिर मुलांसाठी काम सुरू करायचंय. साधारण ४० मुलं धरली आहेत. कंपनीचा आग्रह एक मोठं शिबिर घेऊन त्याच दिवशी श्रवणयंत्रं (मशीन) वाटण्याचा आहे. शिवाय परदेशातली एक संस्था वापरलेली मशीन फुकट द्यायला तयार आहे. निधी एकाच वर्षाचा. अंदाजपत्रकात काय धरू?

मोल्ड_आणि_बॅटरी:
शिबिरात मशीन वाटूच नका. शिबिरात फक्त कानाचं माप घ्या आणि बेरा (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का, ही चाचणी) झालाय का ते बघा. रेडिमेड टिप लहान कानात नीट बसत नाही, शिट्टी वाजते, आई मशीन काढून ट्रंकेत ठेवते. फोटोत मात्र ४० मुलं दिसतात.

हिशेब मांडतो. १३ नंबरची (नारिंगी स्टिकरची) बॅटरी दिवसभर वापरली तर साधारण १० दिवस जाते. दोन कान, म्हणजे एका मुलाला वर्षाला ७२ आणि ४० मुलांना जवळपास २,९०० बॅटऱ्या. ताकदीच्या मशीनला ६७५ नंबर (निळा) लागतो, तो हिशेब वेगळा करा. वर्षाचा साठा एकदम घेऊ नका, तीन-तीन महिन्यांचा घ्या. स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यायची, मग बसवायची. आणि बॅटरीचं दार लॉक होणारंच मशीन घ्या. लहान मुलाने बटन सेल गिळला आणि तो अडकला तर काही तासांत अन्ननलिका भाजू शकते.

मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाने बनवलेला साचा, हा खरा खर्च. पहिल्या वर्षात बाळाचा कान इतका भराभर वाढतो की दर दोन-तीन महिन्यांनी नवा मोल्ड लागतो. पुढे तीन-सहा महिन्यांनी. हा आकडा बहुतेक अंदाजपत्रकांत नसतोच.

शिट्टीचं कारण गावातल्या ताईलाही शोधता येतं. मशीन कानातून काढा आणि मोल्डच्या भोकावर बोट दाबा. शिट्टी थांबली तर मोल्ड सैल झालाय किंवा कानात मळ आहे. चालूच राहिली तर मशीन आणि मोल्ड जोडणाऱ्या नळीला किंवा कानावरच्या हुकला चीर आहे. नळी कडक, पिवळी झाली की बदलायची. पेठच्या पावसाळ्यात नळीत पाण्याचे थेंब धरतात, म्हणून प्रत्येक घरी घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल द्या. कान वाहत असेल तर मोल्ड घालायचा नाही, आधी कान-नाक-घसा डॉक्टर.

आशा_समन्वय:
वरच्यात भर. बाळ ६, १० आणि १४ आठवड्यांचं झालं की लसीसाठी येतंच. ओएईची तपासणी (कानात आवाज सोडून आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणारी) त्याच दिवशी उपकेंद्रावर ठेवा, वेगळी फेरी नको. बाळ झोपलेलं असावं आणि खोली शांत, नाहीतर खोटे ‘रेफर’ (पुढे तपासा, असे निकाल) येतात आणि आया कंटाळतात. काचेच्या पेटीत राहिलेल्या किंवा जोरदार कावीळ झालेल्या बाळाला ओएई पास आली तरी ऑटोमेटेड एबीआर (बेराचाच झटपट, आपोआप निकाल देणारा प्रकार) करा. श्रवण मज्जातंतूचा दोष ओएईत सापडत नाही.

पुढचा रस्ता आरबीएसकेच्या (मुलांच्या तपासणीचा सरकारी कार्यक्रम) पथकातून जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे. संस्थेने स्वतःची समांतर यंत्रणा उभी केली की निधीबरोबर तीही जाते. मशीन एडिप योजनेतून (दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची योजना) मिळत असेल तर तुमचा पैसा मोल्ड, बॅटरी आणि माणसांवर घाला. तीव्र बहिरेपणात कॉक्लिअर इम्प्लांटचा (ऑपरेशनने आतल्या कानात बसवायचं यंत्र) विचार लवकर करा. एडिपखाली त्याला वयाची अट आहे आणि नोडल संस्था म्हणजे मुंबईची अली यावर जंग संस्था. त्याच्या बाहेरच्या प्रोसेसरची वायर-कॉइल वॉरंटीनंतर कोण देणार, हे ऑपरेशनच्या आधी कागदावर घ्या.

आणखी एक. दिवाळीनंतर अर्धी कुटुंबं निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांवर जातात. नोंदवहीत आईबापांबरोबर मुकादमाचाही नंबर हवा. त्या चार महिन्यांची भेट पिंपळगाव किंवा दिंडोरीत ठेवा.

गोदाकाठ:
फार उपयोगी, आभार. वापरलेल्या मशीनचं काय करू? आणि कंपनीला ‘किती मुलांना लाभ’ असा आकडा हवाच असतो.

मोल्ड_आणि_बॅटरी:
परदेशातून आलेली वस्तूसुद्धा एफसीआरएमध्ये (विदेशी देणग्यांचा कायदा) विदेशी देणगीच धरतात. संस्थेची त्याखाली नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी नसेल तर विषय संपला. नोंदणी असली तरी मॉडेल विचारा. प्रोग्रॅमिंगची केबल, सॉफ्टवेअर आणि सुटे भाग इथे मिळत नसतील तर ते नुसतं प्लॅस्टिक. वीस जातीची चाळीस मशीन आली तर ऑडिओलॉजिस्टचं (श्रवणतज्ज्ञाचं) डोकं फिरेल. एक-दोनच मॉडेल ठेवा.

आकडा हवाच ना? मग रोज किती तास मशीन कानात होतं तो द्या. आता बऱ्याच मशीनमध्ये ही नोंद आपोआप होते. सोबत सहा आवाजांची चाचणी: आ, ऊ, ई, श, स, म. मुलाच्या मागे मीटरभर अंतरावरून, ओठ न दाखवता. पहिल्या दिवशी काय ऐकू आलं ते वहीत लिहा. पुढे सगळेच आवाज गेले तर बॅटरी किंवा बुजलेली नळी. फक्त श-स गेले तर नळीतला ओलावा, मायक्रोफोनवरची घाण.

हातवारे_नाशिक:
सगळं मशीनभोवतीच फिरतंय. बेराची तारीख मिळेपर्यंत मूल भाषेविना का राहावं? आईबापांना भारतीय सांकेतिक भाषा पहिल्या दिवसापासून शिकवा आणि त्यासाठी बहिरा प्रौढ शिक्षक पगारावर ठेवा, मानधनावर नको. खुणांमुळे बोलणं मागे पडतं ही भीती निराधार आहे. आणि थेरपीचे कागद पुणेरी मराठीत छापू नका. घरात कोकणा ही आदिवासी बोली बोलतात.

आशा_समन्वय:
पटलं. गोदाकाठ, ही जागा पगाराच्या ओळीत आत्ताच टाका. वर्ष सुरू झाल्यावर कंपनी नवीन पद मंजूर करत नाही.