भाट (बागायत) विकून एमबीबीएस? मुलीने जागा नाकारली, आणि मला वाटतं तिने बरोबर केलं

सावईवेरेकर

गेले आठ दिवस घरी येणारा प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलून जातो : पोरीच्या आयुष्याचं नुकसान केलंत. म्हणून सगळं इथे मांडतो. ज्यांना मी चुकलो असं वाटतं त्यांनी स्पष्ट लिहावं.

धाकटी मुलगी, वय १८. नीट दिली. गोमेकॉ (बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज) थोडक्यात हुकलं आणि आपल्या राज्यात एमबीबीएससाठी सरकारी दार ते एकच. मग केंद्रीय समुपदेशनात अभिमत विद्यापीठांचे पर्याय भरले. पहिल्याच फेरीत पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात जागा लागली. फी वर्षाला २२ लाख. साडेचार वर्षांचे ९९ लाख झाले, वसतिगृह आणि मेस वेगळी.

माझ्याकडे काय आहे? वडिलोपार्जित कुळागर, म्हणजे पाटाच्या पाण्यावरची मिश्र बाग. पोफळी, माड, केळी, मिरवेली, थोडं जायफळ. त्यावर घर चालतं, साठत काही नाही. माकडं नारळ धरू देत नाहीत आणि नारळ काढणारा पाडेली वेळेवर मिळाला तर देव पावला म्हणायचं. पण वरचा भाग रस्त्याला लागून आहे, त्यामुळे दलालाचे फोन सतत येतात. तो अर्धा भाग विकला तर पूर्ण शिक्षण निघत होतं. मी तयार होतो. पत्नी तयार होती (तिच्या सहीशिवाय आपल्याकडे विक्रीखत होतच नाही). वकिलाकडून साठेखताचा मसुदासुद्धा आणला होता.

मुलगी म्हणाली, नको. मला वाटलं आमचं मन राखायला म्हणते. तीन रात्री समजावलं. चौथ्या दिवशी सकाळी ती मला वर तळीपाशी घेऊन गेली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही अर्धं विकताय असं म्हणता. पाटाचं पाणी कुठून येतं?"

मी गप्प झालो. झर वरच्या भागात, तळी वरच्या भागात, पाट तिथूनच खाली उतरतो. वर बंगले उभे राहिले, बोअर मारल्या, की खालच्या पोफळी किती वर्षं तग धरणार? जन्म गेला माझा त्या पाटाची साफसफाई करण्यात आणि कागदावर रेघ मारताना मला तो आठवला नाही.

तिने बांबोळीला बीएस्सी नर्सिंगसाठी अर्ज केलाय. पहिलीच फेरी असल्यामुळे रुजू न झाल्यास अनामतीचे २ लाख परत मिळतात. रुजू होण्याची मुदत काल संपली. आम्ही गेलो नाही.

म्हापशाचा डॉक्टर

तुम्ही स्पष्ट लिहा म्हणालात म्हणून लिहितो. तुम्ही चुकलात.

३१ वर्षं दवाखाना चालवतोय. माझ्या वडिलांनी शिवोलीचं राहतं घर गहाण टाकून मला शिकवलं. ते घर सोडवायला मला ९ वर्षं लागली, त्याचा मला कधी भार वाटला नाही. जमीन असते कशासाठी? अडल्या वेळेसाठीच ना? आणि मुलीला डॉक्टर व्हायची संधी दाराशी येणं ही वेळ नाही तर कुठली?

पाण्याचा मुद्दा खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण उद्या कुळागर बघणार कोण याचं उत्तर तुमच्याकडे आहे का? आज तुम्ही आहात. वीस वर्षांनी? माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या म्हाताऱ्यांची मुलं लंडन आणि दुबईला आहेत आणि भाटात रान माजलंय. शेवटी ते विकलं जातंच. तेव्हा ते पैसे कोणाच्या शिक्षणाला लागत नाहीत, नुसते वाटून घेतले जातात.

आणखी एक. नर्सिंग हे एमबीबीएसचं लहान भावंड नाही. तो स्वतंत्र पेशा आहे. डॉक्टर व्हायचं होतं ते जमलं नाही म्हणून तिकडे गेलेल्या मुली मी वॉर्डात पाहिल्या आहेत. दोन वर्षांत मन विटतं. तिला खरंच डॉक्टर व्हायचं असेल तर निदान एक वर्ष पुन्हा नीट द्यायला लावा. प्रयत्नांना आता मर्यादा नाही, वयाची वरची अटही गेली आहे.

फोंड्याचा हिशोबनीस

डॉक्टरसाहेब, आपण शिकलात तेव्हाची फी आणि आजची फी यांची तुलना होत नाही. बँकेत कर्जखात्यात होतो, नुकताच निवृत्त झालो. रोज हीच प्रकरणं बघितली.

शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत हमी योजनेखाली विनातारण मिळू शकतं. त्यावर बँका बहुतेक वेळा तारण मागतात, म्हणजे पुन्हा तेच कुळागर. १ कोटी, १० टक्के व्याज, १५ वर्षं धरा : महिन्याचा हप्ता सुमारे १ लाख ७ हजार. एकूण परतफेड १ कोटी ९३ लाख. शिकत असताना हप्ता नसतो, पण व्याज चढत राहतं आणि ते मी यात धरलेलंच नाही. नुसत्या एमबीबीएसवर हा हप्ता भरून घर चालवणारा तरुण डॉक्टर मला दाखवा. त्याला एमडी करावंच लागतं. तिथे सरकारी जागा नाही मिळाली तर पुन्हा फी.

भाट विकणं म्हणजे हाच खर्च व्याजाशिवाय, पण परतीची वाट बंद करून.

दिचोलीची_१९

मी पुन्हा नीट दिली आहे, म्हणून "एक वर्ष द्या" या सल्ल्याबद्दल लिहिते.

बारावीनंतर एक वर्ष घरी बसले. गुण वाढले. पण सगळ्यांचेच वाढले होते, त्यामुळे क्रमांक जवळजवळ तिथेच राहिला. त्या वर्षात गणेश चवथीला आजोळी गेले नाही, मैत्रिणींचे फोन घेतले नाहीत, कारण सगळ्या कॉलेजात होत्या आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. आता फार्मसी करतेय पणजीला आणि मला आवडतंय. ज्यांना सोसतं त्यांनी पुन्हा परीक्षा जरूर द्यावी. फक्त मोठी माणसं ते वर्ष फुकट असल्यासारखं बोलतात. ते फुकट नसतं.

पेडण्याची आई

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

आम्ही जमीन विकली. मोपाच्या विमानतळामुळे भाव आला होता, तेव्हा डोंगराकडचा तुकडा दिला. मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. परवा सुट्टीत आली तर शेजारच्या आजोबांचा रक्तदाब तपासत होती. मी दारात उभी राहून बघत होते. माझ्या आधीच्या सात पिढ्यांत कुणी बाई दहावीपुढे गेली नव्हती. त्या तुकड्यावर काजूची चार झाडं होती. मला एक दिवसही पश्चात्ताप झालेला नाही.

आता माझा प्रश्न. तुमच्या मुलीच्या जागी मुलगा असता तर? आपल्याकडे मुलगा "नको" म्हणाला असता तर घरात कुणी ऐकलं असतं का? मुलीचं "नको" किती चटकन पटतं सगळ्यांना! ती शहाणी, ती समजूतदार, तिला घरची परिस्थिती कळते. मला या शहाणपणाची भीती वाटते. मीही अशीच शहाणी होते. १९९४ साली शिक्षिकेचा डीएड सोडला, भावाला पुण्याला पाठवायचं होतं म्हणून. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मीच म्हणाले होते, नको.

सावईवेरेकर

ताई, राग कशाला मानू. हाच प्रश्न पत्नीने मला विचारला होता, त्याच शब्दांत.

थोरल्या मुलासाठी मी जमीन विकायचा विचारही केला नव्हता. तो डिप्लोमा करून वेर्ण्याला कामाला लागला. विकायला निघालो ते मुलीसाठीच. आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून वारशात मुलगा-मुलगी सारखे, तेव्हा जे विकणार होतो त्यात मुलाचाही वाटा होता. तो स्वतःहून म्हणाला, माझा वाटा धरा, हिला शिकवा. म्हणजे घरातून अडवणारं कुणी नव्हतं.

तरीपण तुम्ही जे लिहिलंत, कुणी जबरदस्ती न करता "नको" म्हणण्याबद्दल, ते वाचून मी फोन खाली ठेवला आणि बराच वेळ बाहेर सोप्यावर बसलो. तिच्या "नको"मध्ये तसलं काही असेल का, हे बाप म्हणून मला छातीठोक सांगता येणार नाही. तिला हा धागा वाचायला दिलाय.

वाळपईकर

मला दोन्ही बाजूंचा एक मुद्दा खटकतो. सावईवेरेकरांचं कौतुक करणारे मला खाजगीत लिहितायत, "निदान एक कुळागर तरी दिल्लीवाल्यांच्या हातून वाचलं." गोव्याची जमीन वाचावी यासाठी मी सत्तरीत सभा घेतल्या आहेत, झोन बदलाच्या कलमांविरुद्ध निवेदनं दिली आहेत. पण ते ओझं १८ वर्षांच्या मुलीच्या प्रवेशावर ठेवू नका.

जमीन राखणं सरकारचं काम आहे. २०२३ च्या कायद्याने भातशेत बिगरशेतकऱ्याला विकण्यावर बंधन आलं, ते बरं झालं. कुळागराला तसलं संरक्षण नाही. पोफळीवर कोळेरोग आला की बागायतदार एकटा, गवे घुसले की एकटा, आणि भाव पडला की एकटाच. अशा माणसाला भाट विकावंसं वाटलं तर मी त्याला दोष देणार नाही. मुलीने जागा नाकारली तर ती तिच्यासाठी नाकारलेली असावी, गोव्यासाठी नको.

वॉर्डातली

सरकारी इस्पितळात १४ वर्षं परिचारिका आहे. वरचं सगळं वाचताना एक गोष्ट टोचली. बाजूने लिहिणारे आणि विरुद्ध लिहिणारे, दोघांच्याही बोलण्यात नर्सिंग म्हणजे "मग काय, तेवढंच राहिलं." डॉक्टरसाहेबांनी निदान स्वतंत्र पेशा म्हटलं, त्यासाठी आभार.

बाय, तू वाचत असशील तर ऐक. चार वर्षांचा अभ्यास आहे आणि तो हलका नाही. शरीररचना, औषधशास्त्र, अतिदक्षता, प्रसूती, मनोरुग्ण, सगळं येतं. रात्रपाळीत तीस रुग्ण आणि आपण दोघी असतो. कुणाचा श्वास बदललाय हे डॉक्टरच्या आधी आपल्याला कळतं, कारण आपण तिथेच असतो. आणि तरी सकाळी नातेवाईक आभार डॉक्टरचे मानतात. हे रोज गिळता येणार असेल तर ये. दुसऱ्या कुणाच्या स्वप्नाऐवजी म्हणून येऊ नकोस, त्याने रुग्णाचंही नुकसान होतं.

म्हापशाचा डॉक्टर

सिस्टर, तुमचं शेवटचं वाक्य माझ्या म्हणण्याच्याच बाजूने जातं. तिला कोणती वाट हवी आहे हे अजून तिच्या तोंडून आलेलं नाही.

सावईवेरेकरांची मुलगी

बाबांच्या खात्यावरून लिहिते.

पेडण्याच्या काकी, तुमचं लिहिणं मी तीनदा वाचलं. मी त्याग केलेला नाही. तसं असतं तर मला आता रडू आलं असतं, आणि मला त्या दिवसापासून नीट झोप लागतेय.

पाटाचं कारण मी बाबांना दिलं, कारण ते त्यांना कळणार होतं. माझं स्वतःचं कारण दुसरं आहे. प्रवेशाची माहितीपुस्तिका वाचताना मी डोळ्यांसमोर आणलं की पहिल्या वर्षी शरीररचनेत नापास झाले. नापास होतात मुलं, हुशार मुलंसुद्धा. मग घरी फोन करायचा. इतर मुली म्हणतील, बाबा, राहिला एक विषय. मला तसं म्हणता आलं नसतं. त्या कॉलेजात नापास व्हायची, आजारी पडायची, हे आपलं काम नाही असं दोन वर्षांनी वाटायची मुभा मला उरली नसती. इतकं बांधून घेऊन मला शिकता येत नाही. कुणाला येत असेल.

डॉक्टरकाका, मला डॉक्टर व्हायचं होतं का? दहावीपासून सगळे म्हणत होते, म्हणून मीही म्हणत होते. गेल्या वर्षी आजी गोमेकॉत ११ दिवस होती. मी रात्री तिच्याजवळ राहायचे. तिथल्या एका सिस्टरने मला शिकवलं की दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, उशी गुडघ्यांच्या मधे कुठे ठेवायची, चादर ओढायची नाही, उचलायची, नाहीतर कातडी सोलते. आजीला एकही जखम झाली नाही. त्या ११ दिवसांत मला जितकं बरं वाटलं तितकं नीटच्या दोन वर्षांत कधी वाटलं नव्हतं. हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण "डॉक्टर सोडून नर्स" म्हणताना लोकांचा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे.

सिस्टर, आभार न मिळण्याबद्दल तुम्ही लिहिलंत. ते जमेल की नाही ते तिथे आल्यावर कळेल.

पेडण्याची आई

बाय, माझं मत बदललेलं नाही. बाप विकायला तयार असताना मी तुझ्या जागी असते तर घेतली असती ती जागा, आणि नापास झाले असते तर पुन्हा बसले असते. जमिनीचं ओझं मला कधी वाटलंच नसतं, कारण मला आधी कधी काही मिळालंच नव्हतं. तुझं तसं नाही, ते बरं आहे.

बांबोळीला वसतिगृहात जागा मिळेपर्यंत रात्रपाळी करून सावईवेऱ्याला परतणं कठीण पडेल, वाटेत बस बदलावी लागेल. माझी धाकटी बहीण सांताक्रूझला एकटी राहते, तिच्याकडे एक खोली रिकामी आहे. वडिलांना सांग मला मेसेज करायला.